दाब आणि प्रवाह: एका पितळी चकतीचा इतिहास

१/ १९४० चा उन्हाळा, दक्षिण इंग्लंडचे आकाश. स्पिटफायर विमानातील ब्रिटिश वैमानिक एका मेसरश्मिट १०९ चा पाठलाग करीत आहे. जर्मन वैमानिक नाक खाली करून सरळ सूर मारतो. ब्रिटिशही तसाच सूर मारतो आणि त्याच क्षणी त्याचे इंजिन अडखळते. धुराड्यांतून काळा धूर निघतो, पंखा ओढ सोडतो. इंजिन सावरेपर्यंत शत्रू निसटलेला असतो. भूमिका उलट असतील, तर तेच काही क्षण जिवावर बेततात.

२/ हा दोष इंधनपुरवठ्याचा होता. आज नायट्रस बसविलेली शर्यतीची मोटार ऐन वेगात दगा देते, तेव्हा जाणता मिस्त्री प्रथम जे तपासतो, तेच १९४० मध्ये तपासावे लागले होते: इंजिनाला इंधन हवे तेव्हा, हवे तेवढे मिळते आहे काय? या धाग्यात त्या शोधाची हकिगत.

३/ आधी नायट्रसविषयी. १७७२ मध्ये जोसेफ प्रीस्टली यांनी हा वायू प्रथम तयार केला. १७९९ पासून ब्रिस्टल येथे हम्फ्री डेव्ही यांनी तो स्वतः हुंगून प्रयोग केले. १८४४ मध्ये अमेरिकन दंतवैद्य होरेस वेल्स यांनी दात काढताना त्याचा उपयोग केला. ‘हास्यवायू’ हे त्याचे लौकिक नाव. इंजिनाशी त्याचा संबंध जुळला तो एका साध्या गुणामुळे. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, तर नायट्रस ऑक्साइडमध्ये सुमारे ३६ टक्के. इंजिनाच्या उष्णतेने हा वायू विघटित होतो आणि तो ऑक्सिजन ज्वलनाला मिळतो.

४/ परंतु ऑक्सिजन स्वतः जळत नाही, तो जाळतो. वाढीव ऑक्सिजनाच्या प्रमाणात वाढीव इंधन पोहोचले, तरच शक्ती वाढते. इंधन कमी पडले, तर तापमान भडकते, सिलिंडरात अवेळी स्फोट होऊ लागतात आणि पिस्टनला भोक पडण्यापर्यंत वेळ येते. नायट्रस आणि इंधनाचा दाब यांची जोडी म्हणूनच अतूट आहे.

५/ दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी ‘जीएम-१’ या नावाने ही युक्ती लढाऊ विमानांत आणली. अतिउंचीवर हवा विरळ होऊन सुपरचार्जर अपुरा पडे, तेव्हा द्रवरूप नायट्रस त्याच्या तोंडाशी फवारला जाई. १९४४ मध्ये ब्रिटिशांनीही काही मॉस्किटो विमानांच्या मर्लिन इंजिनांना नायट्रसची जोड दिली. आपली मुख्य कथा याच मर्लिनच्या आधीच्या एका दुखण्याची आहे.

६/ त्या कथेआधी एक भेद मनात पक्का करू: दाब वेगळा, प्रवाह वेगळा. इमारतीतील नळ बंद असताना पाइपातील पाण्याला भरपूर जोर असतो. सगळ्या मजल्यांवरचे नळ एकदम उघडा, वरच्या मजल्यावर करंगळीएवढी धार येते. नायट्रसच्या मोटारीत नेमके हेच होते. इंजिन मंद चालताना दाबमापकाचा काटा योग्य जागी असतो आणि नायट्रसची कळ दाबताच तो कोसळतो. कारणे अनेक: तुंबलेली गाळणी, अरुंद नळी, थकलेला पंप, पंपापर्यंत अपुरी पोहोचणारी वीज, अडकलेला दाबनियंत्रक. म्हणून काटा उभ्या गाडीत वाचून भागत नाही, पूर्ण भार असताना वाचावा लागतो.

७/ आता मर्लिन. स्पिटफायर आणि हरिकेन या दोन्ही विमानांचे हे इंजिन. त्याला कार्बोरेटरमधून इंधन मिळे. कार्बोरेटरच्या पात्रात फ्लोट असे. पात्र भरले की तो वर येऊन सुईच्या आकाराची झडप बंद करी, रिकामे झाले की खाली जाऊन ती उघडी. आपल्या जुन्या स्कूटरमध्येही हेच तत्त्व होते. मेसरश्मिटच्या डेमलर-बेन्झ इंजिनात मात्र इंधन थेट सिलिंडरात फवारले जाई.

८/ मग ब्रिटिशांनी कार्बोरेटर का ठेवला? त्यामागे अडाणीपणा नव्हता. कार्बोरेटरमधील इंधन सुपरचार्जरमध्ये शिरण्यापूर्वी बाष्पीभूत होई आणि त्यामुळे आत जाणारी हवा गार व दाट होई. दाट हवा म्हणजे अधिक शक्ती. एका लाभासाठी पत्करलेली ही उणीव होती. युद्धाने तिची किंमत वसूल केली.

९/ उतारावर एसटी उसळली की आपण क्षणभर आसनावरून उचलले जातो. विमान एकदम नाक खाली करते, तेव्हा हेच अधिक तीव्रतेने घडते. त्याला ऋण गुरुत्व म्हणतात. कार्बोरेटरमधील इंधन पात्राच्या छताकडे फेकले जाई, तळाशी असलेली इंधनाची तोंडे उघडी पडत आणि इंजिनाला नुसती हवा मिळे. ही पहिली अडखळ.

१०/ खरा घात त्यानंतर होई. इंधन छताला गेल्यामुळे फ्लोट तळाकडे ढकलला जाई आणि झडप सताड उघडी. पात्र रिकामे नव्हते, तरी यंत्रणा ते रिकामे असल्यासारखीच वागे. मग पंप पूर्ण जोराने इंधन ओतू लागे. इंजिन आधी उपाशी राही, मग गुदमरे. काळा धूर या अतिरेकी इंधनाचा होता. दिसणारे लक्षण एकच, ‘इंजिन बंद पडते’. मागची कारणे दोन, आणि तीही एकमेकांच्या उलट.

११/ वैमानिकांनी तोवर आपल्यापुरता उपाय काढला होता. आधी विमान पालथे करायचे आणि मग सूर मारायचा, म्हणजे इंधन तळाशीच राही. पण त्यात वेळ जाई, आणि झुंजीत वेळ हीच सर्वांत महाग वस्तू.

१२/ फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये बीएट्रिस शिलिंग या अभियंत्या कार्बोरेटरवर काम करीत. जन्म १९०९. चौदाव्या वर्षी त्यांनी स्वतःची मोटारसायकल घेतली. मँचेस्टर विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकीची पदवी मिळवली. १९३४ मध्ये ब्रुकलंड्सच्या धावपट्टीवर नॉर्टन मोटारसायकल ताशी १०० मैलांहून अधिक वेगाने चालवून मानाचा ‘गोल्ड स्टार’ पटकावला. इंजिन दगा देते म्हणजे काय, हे त्यांना केवळ कागदावरून ठाऊक नव्हते.

१३/ त्यांचा विचार असा: झडप उघडी राहणे आपण रोखू शकत नाही, पण तिच्यातून किती इंधन यावे हे ठरवू शकतो. पूर्ण शक्तीवर इंजिनाला जितके इंधन लागते तितकेच जाऊ देणारे छिद्र इंधनाच्या वाटेवर ठेवले, तर पूर येणारच नाही. प्रारंभी अंगुस्तानासारखा आणि पुढे साध्या चपट्या चकतीसारखा हा पितळी तुकडा कार्बोरेटरच्या अलीकडे बसवला जाई. छिद्र थोडे लहान असते तर ऐन लढाईत शक्ती कमी पडली असती, थोडे मोठे असते तर पूर आलाच असता. सारे श्रेय त्या मापाचे. विमान सेवेतून बाहेर न काढता तो बसवता येई, हे त्याचे सर्वांत मोठे मोल.

१४/ उपाय अपुरा होता. पूर थांबला, पण पहिली अडखळ पूर्णपणे गेली नाही आणि विमान दीर्घकाळ उलटे ठेवता येत नसे. १९४३ च्या सुमारास दाबावर चालणारे, फ्लोट नसलेले कार्बोरेटर मर्लिनला मिळाले, तेव्हा दुखणे मुळातून गेले.

१५/ आता एक दुरुस्ती. ‘या चकतीने बॅटल ऑफ ब्रिटन जिंकून दिली’ असे वाक्य समाजमाध्यमांवर वारंवार दिसते. ती लढाई जुलै ते ऑक्टोबर १९४० ची, आणि चकत्या तळोतळी पोहोचल्या त्या १९४१ च्या आरंभी, मार्चच्या आसपास. म्हणजे ती लढाई वैमानिकांनी दोषासकट लढली. शिलिंग यांचे मोठेपण सांगण्यासाठी तारखा वाकवण्याची गरज नाही. तसे केल्यास दोघांवरही अन्याय होतो.

१६/ अन्याय नावातही आहे. वायुदलाने या तुकड्याला ‘मिस शिलिंगचे छिद्र’ असे चावट नाव दिले आणि तेच रूढ झाले. वस्तुतः त्यांचा विवाह १९३८ मध्येच झाला होता. १९९० मध्ये त्यांचे निधन झाले. विनोद मात्र आजही त्यांच्या विद्वत्तेहून अधिक लोकांना ठाऊक आहे.

१७/ मोटार असो वा विमान, शोधाची पद्धत एकच: दोष जिथे प्रकटतो त्याच स्थितीत तो मोजावा, आणि एका लक्षणामागे एकच कारण असेल असे गृहीत धरू नये. इतिहासाचे वाचनही याच शिस्तीने करावे.

लेखनसीमा.