कपाटाची किल्ली आणि पाबळचा रस्ता

गेल्या महिन्यात बेसमेंट आवरताना मंडळाचा १९९६ सालचा दिवाळी अंक हाती लागला. मधल्या पानावर आम्हा सहाजणांचा फोटो आहे. केस काळे, पोटे आटोक्यात आणि हातात पुठ्ठ्याचा भलामोठा चेक. बटाटेवड्यांचे स्टॉल, एका नाटकाची तिकीटविक्री आणि उरलेले आपापल्या खिशातून, असे करून माण तालुक्यातल्या माझ्या गावच्या हायस्कूलला विज्ञान प्रयोगशाळा दिली होती, त्याचा तो फोटो. मंडळातल्या नव्या मंडळींनी तो अंक पाहिला तर त्यांना आमचा अभिमान वाटेल. म्हणूनच पुढची हकीकत सांगून टाकतो.

१९९९ मध्ये मी गावी गेलो. प्रयोगशाळेची खोली झाडून ठेवलेली होती आणि दारावर देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी होती. आत काचेच्या कपाटात आमचे सूक्ष्मदर्शक, अ‍ॅमीटर, चंचुपात्रे, सारे काही जागच्या जागी होते. सूक्ष्मदर्शकावरचे प्लॅस्टिकचे आवरणही निघालेले नव्हते. कपाटाला कुलूप होते आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात. मी जरा आवाज चढवून विचारले, तेव्हा त्यांनी शांतपणे डेड स्टॉक रजिस्टर पुढे केले. प्रत्येक वस्तूची नोंद, किंमत, सही. तपासणीला नग मोजून द्यावे लागतात, फुटले तर ज्याच्या ताब्यात असेल त्याने भरून द्यायचे. "न वापरलेली वस्तू फुटत नाही, साहेब," ते म्हणाले.

परतीच्या विमानात मी त्यांच्यावर चिडलेलो होतो. राग ओसरल्यावर आठवले, की मी तरी शाळेत काय केले होते? 'ऑक्सिजन तयार करण्याची कृती, आकृतीसह' हे उत्तर मी डोळे मिटून लिहीत असे. परीक्षानळी कधी तापवली नव्हती. ओहमचा नियम पाठ होता. अ‍ॅमीटर प्रथम हातात आला तो सतराव्या वर्षी, पुण्याच्या कॉलेजात. त्या नियमावर मी पुढे पस्तीस वर्षे अमेरिकेत भाकरी कमावली. वर्गातली बाकीची चाळीस मुले मात्र दहावीच्या आसपास गळाली.

तेव्हापासून मी या विषयाचे वाचन सुरू केले. निवृत्तीनंतर वेळही मिळाला. 'हाताने करून शिकणे' ही कल्पना आपल्याकडे अमेरिकेतून आलेली नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने आराखडा केला आणि सेवाग्रामला 'नई तालीम'ची शाळा उभी राहिली. सूत, शेती, सुतारकाम यांच्या अनुषंगाने गणित आणि विज्ञान शिकवायचे, ही ती कल्पना. ती सर्वत्र रुजली नाही याला सरकारी अनास्था हे एक कारण होते. पण दुसरे अधिक खोल होते आणि आपण ते सहसा बोलत नाही. ज्यांच्या बापजाद्यांना जातीनेच हातकामाला जुंपले होते, त्यांना आपली मुले शाळेतही चरख्यापुढे बसावीत असे का वाटावे? त्यांना पुस्तक हवे होते. आणि ज्यांच्या घरात पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या होते, त्यांनी आपली मुले त्या शाळांत घातली नाहीत. परिणामी हस्तव्यवसाय वेळापत्रकात शुक्रवारच्या शेवटच्या तासाला जाऊन बसला.

सत्तरच्या दशकात शास्त्रज्ञ मंडळी या कामात उतरली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या काहींनी मुंबई महापालिकेच्या शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवून पाहिले. १९७२ मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबाद, म्हणजे आताच्या नर्मदापुरम, जिल्ह्यातल्या सोळा सरकारी शाळांत 'किशोर भारती' आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी तोच मार्ग धरला. मुलांनी गटात प्रयोग करायचे, निष्कर्ष स्वतः काढायचे, परीक्षेला पुस्तक उघडे ठेवायचे. पुण्याच्या टेल्कोतून रजा काढून १९७८ मध्ये तिथे गेलेल्या अरविंद गुप्ता या इंजिनिअरने सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीतल्या काड्या जोडून त्रिकोण, चौकोन, घन बनवले. पुढे 'आयुका'त पु.लं.च्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी वर्षानुवर्षे तेच केले. काडीची नोंद डेड स्टॉकमध्ये होत नाही, हे त्यातले मर्म मला फार उशिरा कळले. होशंगाबादचा कार्यक्रम पुढे पंधरा जिल्ह्यांत गेला. २००२ मध्ये सरकारने तो बंद केला. तीस वर्षांचे काम, आणि बंद करायला एक आदेश पुरला.

आता ज्यांच्यासाठी हा लेख लिहायला बसलो त्यांच्याकडे येतो. डॉ. श्रीनाथ कलबाग आपल्यासारखेच अमेरिकेत शिकलेले. १९५० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानात पीएच.डी. करून ते परत गेले, म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत राहिले आणि मग मुंबईला हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात अभियांत्रिकी विभागाचे प्रमुख झाले. पन्नाशी ओलांडल्यावर, १९८२ मध्ये, त्यांनी नोकरी सोडली आणि १९८३ मध्ये पत्नी मीराताईंसह पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात पाबळला जाऊन राहिले. पाबळ आपल्याला ठाऊक असते ते मस्तानीच्या कबरीमुळे. कलबागांना ते भावले ते अवर्षणग्रस्त आणि इतर शेकडो गावांसारखे असल्यामुळे. जे इथे चालेल ते कुठेही चालेल, असा त्यामागचा हिशेब. जे. पी. आणि चित्रा नाईक यांच्या भारतीय शिक्षण संस्थेच्या छत्राखाली त्यांनी 'विज्ञान आश्रम' सुरू केला.

शाळेतून गळालेली मुले-मुली तिथे वर्षभर राहतात. वर्कशॉप, वीज-ऊर्जा, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार विभाग, आणि चारही प्रत्येकाने करायचे. मुली वेल्डिंग करतात, मुलगे हिमोग्लोबिन तपासतात आणि स्वयंपाकाचे कॅलरीत गणित मांडतात. वर्ध्याच्या योजनेला जिथे ठेच लागली, तिथे कलबागांनी वाट बदलली असे मला वाटते. एका मुलाला एक धंदा चिकटवायचा नाही. लोहाराच्या मुलाने फक्त लोखंड हाताळायचे नाही आणि पाटलाच्या मुलाला शेणापासून सुटका नाही.

कामाची कसोटी मात्र कडक. मुलांनी बनवलेली वस्तू गावाला लागली पाहिजे आणि गावाने तिचे पैसे मोजले पाहिजेत. फाटक वाकडे झाले तर गिऱ्हाईक घेत नाही. अशा परीक्षेत ग्रेस मार्क नसतात. जुन्या जीपच्या भागांतून 'मेकबुल' नावाचा छोटा ट्रॅक्टर तिथे तयार झाला, त्रिकोणांच्या सांगाड्यावर जाळी आणि सिमेंट चढवून घुमट बांधले गेले. वस्तू वापरून झिजतात, म्हणून त्यांना कपाटही लागत नाही.

मी पाबळला पोहोचलो तो २००६ मध्ये. कलबाग २००३ मध्ये गेले होते. त्यांना भेटायचे राहून गेले, याची चुटपूट आहे. त्या दिवशी नववी नापास झालेला एक मुलगा शेजारच्या गावी पाणी बघायला निघाला होता, त्याच्याबरोबर मी गेलो. नारळ किंवा कडुलिंबाची काटकी मला दिसली नाही. त्याच्याकडे चार लोखंडी सळया, वायरची रिळे आणि आश्रमात जुळवलेला मीटर होता. सळया एका रेषेत, सारख्या अंतरावर ठोकल्या. बाहेरच्या दोघींतून जमिनीत विजेचा प्रवाह सोडला आणि मधल्या दोघींमधला दाब मोजला. भागाकार केला, अंतराने आणि दोन पायने गुणले, वहीत लिहिले. मग अंतर वाढवून पुन्हा. अंतर जितके जास्त तितका प्रवाह अधिक खोल जातो, कोरडा काळा पत्थर त्याला अडवतो, ओला मुरूम वाट देतो.

"हा भागाकार कसला?" मी मुद्दाम विचारले.

"व्होल्ट भागिले अँपिअर, काका. ओहमचा नियम. तुमच्या वेळी होता का?"

होता म्हणालो. शेतकऱ्याने आकडे विचारले, दोन ठिकाणांची तुलना करायला लावली आणि ठरलेले पैसे दिले. पाणी लागेलच अशी हमी त्या मुलाने दिली नाही, आणि ते मला सर्वांत आवडले.

कलबागांनी हे काम फक्त गळालेल्या मुलांपुरते ठेवले नव्हते. ऐंशीच्या दशकातच त्यांनी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय नेहमीच्या हायस्कुलांत आठवी ते दहावीसाठी नेला आणि दहावीच्या मंडळाने तो मान्य केला. आठवड्यातला एक दिवस, गावातलेच कसबी निदेशक. पुढे न्यूयॉर्कमधल्या नोकऱ्या सोडलेल्या सुनंदा माने आणि राज गिल्डा यांच्या 'लेंड अ हँड इंडिया'ने तो कितीतरी शाळांत पोहोचवला. २००२ मध्ये एम.आय.टी.च्या नील गेर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने पाबळला फॅब लॅबही आली, परदेशातल्या अगदी पहिल्यांपैकी एक. तरीही सारे आलबेल आहे असे मी म्हणणार नाही. दहावीच्या गुणांपुढे आणि इंग्रजी माध्यमाच्या ओढीपुढे हा विषय अजून दबकूनच असतो. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान मिळते, २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना काढून स्थानिक कारागिरांकडे शिकायची तरतूद आहे. चांगलेच आहे. पण थ्री-डी प्रिंटर हे शब्द ऐकले की मला आधी किल्लीचा खण आठवतो.

२००८ मध्ये आपल्या मंडळापुढे मी दुसरा प्रस्ताव ठेवला. त्याच शाळेला पुन्हा मदत, पण वस्तू एकही नाही. निदेशकांचे मानधन आणि सिमेंट, वायर, वेल्डिंगच्या कांड्या, बियाणे, पिल्ले, म्हणजे संपणारा माल. बैठकीत बरीच खडाजंगी झाली. "मग फोटो कशाचा काढायचा?" असा एका जुन्या मित्राचा प्रश्न होता, आणि तो अगदीच गैर नव्हता. लोक पैसे देतात ते काहीतरी उभे राहिलेले दिसावे म्हणून. शेवटी चार मतांनी प्रस्ताव मंजूर झाला आणि पाबळच्या मार्गदर्शनाने शाळेत काम सुरू झाले.

वर्षभराने मुख्याध्यापकांचे पाकीट आले. मुख्याध्यापक बदललेले होते, रजिस्टर तेच असावे. आत फोटो नव्हता. एका शेतकऱ्याला करून दिलेल्या फाटकाची पावती होती आणि नववीच्या मुलींनी ठेवलेल्या कोंबडीच्या पिल्लांचा तक्ता. पन्नासपैकी अकरा मेली होती. तक्त्यात पहिल्या आठवड्यातले पेटीचे तापमान तासातासाने लिहिले होते. पस्तीस अंश, चौतीस, पस्तीस, आणि तिसऱ्या रात्री दोन वाजताच्या रकान्यात चोवीस. समोर शेऱ्यात लिहिले होते: 'भारनियमन. बल्ब बंद. पिल्ले कोपऱ्यात एकमेकांवर चढली, खालची गुदमरली.' त्याखाली वेगळ्या अक्षरात: 'पुढच्या वेळी कंदील ठेवणे व कोपरे पुठ्ठ्याने गोल करणे.'