सातारच्या वकिलाची लंडनमधील चौदा वर्षे

इंदापूर तालुक्यातील पळसदेव आज उजनीचे पाणी ओसरले की उघड्या पडणाऱ्या पळसनाथाच्या मंदिरासाठी ओळखले जाते. दोनशे वर्षांपूर्वी हा सारा टापू सरहद्दीचा होता. 25 सप्टेंबर 1819 च्या तहाने प्रतापसिंह छत्रपतींना सातारचे राज्य मिळाले आणि नीरा ही त्याची उत्तरेकडील सीमा ठरली. नदीच्या दक्षिणेस छत्रपती, उत्तरेस कंपनी सरकार. 1835-36 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात जमिनीचा सारा नव्याने बांधून दिला, तो कंपनीसाठी. आणि ही कंपनी म्हणजे अखेर लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवर भागधारकांची सभा भरवणारे एक व्यापारी मंडळ होते!

हे वैशिष्ट्य ज्याने नीट हेरले, तो माणूस म्हणजे रंगो बापूजी गुप्ते. रोहिडखोऱ्यातील कारी हे त्याचे गाव.

जहागिरदारांवरील हक्कावरून प्रतापसिंह महाराज आणि मुंबई सरकार यांचे बिनसले होते. पुढे महाराजांवर गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचे आणि कंपनीच्या शिपायांना फितवल्याचे आरोप आले. गव्हर्नर कारनॅक ऑगस्ट 1839 मध्ये स्वतः साताऱ्यास आला. दोष कबूल करणाऱ्या कागदावर सही करा, गादी राहील, असा त्याचा प्रस्ताव. महाराजांनी सही केली नाही. सप्टेंबरच्या आरंभी त्यांना पदच्युत करण्यात आले, धाकटे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब गादीवर बसले आणि महाराजांची रवानगी काशीस झाली.

त्या काळी वकील म्हणजे दरबाराचा प्रतिनिधी, राजदूत. रंगो बापूजी असा वकील म्हणून विलायतेस गेला आणि 1853 च्या अखेरपर्यंत तेथेच राहिला. परंतु त्याचे काम जुन्या वकिलीसारखे नव्हते. नजराणा देऊन राजाची भेट घ्यावी, तर येथे निर्णय राजाच्या हाती नव्हता. समजूत घालायची होती ती भागधारकांची, खासदारांची आणि वर्तमानपत्र वाचणाऱ्या लोकांची. ‘जनसंपर्क’ हा शब्द मराठीत रुळण्याच्या कितीतरी आधीचा हा जनसंपर्क होय.

इंग्लंडमध्ये त्याची साधने तयार होती. जाहीर सभा, छापील पत्रके, अर्ज, संसदेतील प्रश्न, या मार्गांनीच गुलामगिरीविरुद्धची चळवळ 1833 च्या कायद्यापर्यंत पोहोचली होती. त्या चळवळीतला नामांकित वक्ता जॉर्ज थॉम्प्सन सातारच्या बाजूने उभा राहिला. संसदेत जोसेफ ह्यूम बोलत होता. साताऱ्यास रेसिडेंट राहिलेला जनरल ब्रिग्ज यानेही महाराजांची बाजू घेतली. संचालकांमध्ये टकरसारख्याने विरोधी मत नोंदवले. 1841 आणि 1845 मध्ये ईस्ट इंडिया हाऊसमध्ये या एका प्रकरणावर अनेक दिवस वादविवाद झाले आणि ते छापूनही निघाले.

मग यश का आले नाही? सभेचा नियमच पाहावा. 500 पौंडांचे भाग असणाऱ्यास बोलता येई, पण मत देण्यास 1000 पौंडांचे लागत. 10,000 पौंडवाल्यास चार मते. म्हणजे वक्तृत्वाने सभा हलली तरी मतमोजणी पैशाची. शिवाय 1784 च्या कायद्यानंतर सरकारी नियंत्रण मंडळाने मान्य केलेला राजकीय निर्णय फिरवण्याचा अधिकारच भागधारकांना उरला नव्हता. सर्वाधिक गाजलेला आखाडा निर्णयाच्या दृष्टीने जवळजवळ रिकामा होता. रंगो बापूजीला भाबडा ठरवणारे हे विसरतात की दुसरा खुला दरवाजा त्याला उपलब्धच नव्हता. नियंत्रण मंडळाचा अध्यक्ष हेरीज यालाही त्याने 1852 मध्ये छापील पत्र लिहिलेच.

तोवर ज्यांच्यासाठी ही खटपट होती ते महाराज राहिले नव्हते. 14 ऑक्टोबर 1847 रोजी काशीस त्यांचे निधन झाले. एप्रिल 1848 मध्ये आप्पासाहेबही गेले, डलहौसीने दत्तक नामंजूर केला आणि सातारचे राज्य खालसा झाले. नीरेची सरहद्द पुसली गेली. दोन्ही तीर कंपनीचे झाले. धनी गेला, राज्य गेले, तरी वकील पाच वर्षे लंडन सोडीना. 1853 मध्ये कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण संसदेपुढे होते. त्या निमित्ताने तरी सातारचा प्रश्न पुन्हा ऐकला जाईल, ही आशा त्यामागे असावी. नवी सनद ऑगस्टमध्ये संमत झाली. साताऱ्यास काहीच मिळाले नाही. अखेर त्याचे लंडनमधील कर्ज कंपनीनेच भागवले आणि डिसेंबरमध्ये तो परत निघाला.

प्रबोधनकार ठाकरे यांनी या दोघांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, म्हणून मराठी वाचकांत हे नाव टिकले. अन्यथा हा माणूस 1857 च्या एका तळटीपेत उरला असता. साताऱ्यातील त्या वर्षीच्या कटात इंग्रजांनी त्यालाच सूत्रधार मानले. 8 सप्टेंबर 1857 रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर 17 जणांना देहदंड देण्यात आला; त्यांत त्याचा मुलगा सीताराम होता. चौदा वर्षे अर्ज आणि पत्रके लिहिणारा रंगो बापूजी स्वतः मात्र इंग्रजांच्या हाती कधीच लागला नाही.