उन्हाळ्याचा दिवस आणि नहरीचे पाणी

वसंतातील व्याख्याने सायंकाळी का ठेवतात, हे वक्त्याने सांगावे लागत नाही. चैत्र-वैशाखात आपल्या शहरात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, दुपारी रस्ते ओस पडतात आणि ज्याला जे काम उरकावयाचे ते तो सकाळी उरकतो. ही दिनचर्या उन्हाने ठरविली असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. उरलेली अर्धी दिनचर्या पाणी ठरविते, आणि त्या अर्ध्याचा इतिहास आज आम्हांस सांगावयाचा आहे.

लढाया आणि तह यांच्या नोंदी बखरकार ठेवतात. एखाद्या साध्या बुधवारी घरोघर काय चालले होते, याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. परंतु आपल्या शहराने अशी एक नोंद जमिनीखाली जपली आहे. ती म्हणजे येथील नहरी.

मलिक अंबर हा मूळचा हबशी. गुलाम म्हणून विकला गेलेला हा पुरुष पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताकरविता झाला. 1610 मध्ये त्याने खडकी येथे शहर वसविले. नावच खडकी! खाली काळा खडक, शेजारी उन्हाळ्यात आटणारी खाम नदी. येथे वस्ती वाढवावयाची तर पाणी आणले पाहिजे, हे त्याने ओळखले आणि नहर-ए-अंबरी बांधविली. 1624 ची भातवडीची लढाई आपणांस शाळेत शिकवितात. पण त्याच माणसाची ही नहर पुढे कित्येक पिढ्यांची तहान भागवीत राहिली, हे किती जणांना ठाऊक असते?

तिची युक्ती साधी होती. उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याशी जमिनीत पाझरणारे पाणी गोळा करावयाचे, आणि उताराच्या आधाराने भुयारी पाटांतून व खापरी नळांतून ते शहरात आणावयाचे. वाटेत चुनेगच्ची मनोरे उभारले. त्यांत पाणी वर चढे, नळांतील कोंडलेली हवा निघून जाई आणि पाण्याचा दाबही आवरला जाई. मोट नाही, बैल नाही. पाणी जमिनीखालून येत असल्यामुळे उन्हाने उडत नसे, आणि थंडही राही.

पुढे शहराचे धनी बदलले, खडकीचे औरंगाबाद झाले. परंतु ही विद्या विसरली गेली नाही. नव्या नहरी निघाल्या. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची पाणचक्की आपण सर्वांनी पाहिली आहे. अठराव्या शतकात नहरीच्या पाण्यावर तेथे जाते फिरे आणि दर्ग्यात येणाऱ्यांसाठी पीठ दळले जाई. तेथील मोठ्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे. डोक्यावर पाणी आणि खाली सावली! वैशाखातल्या दुपारी त्या दालनात बसणाऱ्याला बांधणाऱ्याची बुद्धी निराळी समजावून सांगावी लागत नाही.

त्या काळी सर्व सुखी होते, असे आम्ही म्हणत नाही. हौदापासून घरापर्यंतचे पाणी कोणाच्या तरी खांद्यावरील पखालीतून वा डोक्यावरील घागरीतून येई, आणि शहरही आजच्या मानाने लहान होते. परंतु हौदात पाणी असेल, एवढी गोष्ट गृहीत धरून माणसाला आपला दिवस आखता येत होता.

आज आपण पाणी पैठणच्या नाथसागरातून आणतो. जायकवाडीचे धरण 1976 मध्ये पुरे झाले, आणि शहराच्या वाढीला त्याचाच आधार आहे. मात्र तो जलाशय शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटरांवर असून शंभर मीटरांहून अधिक खाली आहे. म्हणजे प्रत्येक हंडा विजेने चढवावा लागतो. वीज गेली, नळ फुटला, की पाणी थांबते. गेल्या काही वर्षांत पुष्कळ वस्त्यांना कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी मिळत आले आहे. मग बेत कसे आखावेत? पाहुण्यांना कोणत्या वारी बोलवावे, धुणे केव्हा काढावे, परीक्षेच्या दिवसांत पहाटे नळापाशी कोणी बसावे? हे प्रश्न बहुधा घरातील स्त्रिया सोडवितात, आणि त्यांत गेलेले तास कोणत्याच हिशेबात धरले जात नाहीत.

चारशे वर्षांपूर्वीच्या खापरी नळांनी आजचे महानगर जगेल, असा आमचा भाबडा समज नाही. पण नहरीत साचलेला गाळ कोणी तरी नेमाने काढीत होते, म्हणूनच त्या टिकल्या. ज्या पिढ्यांनी तो काढण्याचे सोडले, त्यांच्यात आपली पिढीही मोडते. उरलेले मनोरे आणि पाट बुजू न देणे, डोंगरपायथ्याचा पाझर बांधकामाखाली न गाडणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.

या सभेत काही खुर्च्या रिकाम्या दिसतात. त्या सर्वांना इतिहासाचा कंटाळा आहे, असे आम्हांस वाटत नाही. त्यांतील काहींच्या घरी आज पाण्याचा वार असेल.