२३ जुलै १८६६ : हाइड पार्कचे कुंपण आडवे झाले

कामगारांना मताधिकार मिळावा, या मागणीसाठी रिफॉर्म लीगने त्या दिवशी लंडनच्या हाइड पार्कात सभा बोलावली होती. गृहमंत्री स्पेन्सर वॉलपोल यांनी तिच्यावर बंदी घातली. संध्याकाळी मोर्चा मार्बल आर्चपाशी आला, तेव्हा फाटके बंद होती आणि पोलिसांची फळी उभी होती. लीगचे अध्यक्ष, बॅरिस्टर एडमंड बील्स यांनी आत सोडण्याची मागणी केली. नकार मिळताच ते काही जणांसह ट्रॅफल्गार चौकाकडे वळले. मागे उरलेल्या गर्दीने कुंपणाचे लोखंडी गज धरून गदागदा हलवले. ते डगमगले, मग रांगच्या रांग कोसळली आणि लोक आत घुसले. दगडफेकीत खुद्द पोलीस आयुक्त रिचर्ड मेन जखमी झाले.

आठव्या हेन्रीने शिकारीसाठी राखलेली ही जागा पहिल्या चार्ल्सने १६३७ मध्ये लोकांना खुली केली होती. पण ती फिरण्यापुरती. बागेत जमून बोलता येत नसेल, तर ती लोकांची कशी म्हणायची?

मे १८६७ मध्ये बंदी धुडकावून लीगने तिथेच प्रचंड सभा घेतली. सरकारने माघार घेतली आणि वॉलपोल यांना पद सोडावे लागले. १८७२ च्या कायद्याने बागेत भाषणांना रीतसर वाव मिळाला. मार्बल आर्चजवळच्या त्या कोपऱ्याला आज ‘स्पीकर्स कॉर्नर’ म्हणतात. लीगचे एक पुढारी चार्ल्स ब्रॅडलॉ पुढे १८८९ मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आवर्जून आले होते.