एक इंच खाली

तर झालं असं, की गेल्या महिन्यात ऑफिसातल्या एका मित्राने त्याच्या वडिलांची १९६५ची मस्टँग मला चालवायला दिली. लाल रंग, लांबलचक बॉनेट, व्ही-८ इंजिनाची ती घुमणारी गुरगुर... मी गाडीत बसलो तेव्हा सातव्या आसमानात होतो. पहिल्याच वळणावर खाली आलो. स्टेअरिंग फिरवलं, गाडीने जरा विचार केला, मग एका कुशीवर कलंडून कशीबशी वळली. खरं सांगतो, माझी तंतरली!

मित्र हसला नाही. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांनी या गाडीतलं काही म्हणता काही बदललं नव्हतं. आता याला मुलीला शेजारी बसवून गाडी फिरवायची आहे, आणि अशी फिरवायला भीती वाटते. म्हणून तो विचारत होता, "सगळं सस्पेन्शन काढून नवं बसवू का?" मला काय कळतंय त्यातलं! पण किडा चावला. दोन वीकेंड वाचनात गेले, आणि हाती लागली ती गोष्ट भारी आहे.

मस्टँग बाजारात आली १७ एप्रिल १९६४ला. ली आयकोकाला स्वस्त आणि हलकी गाडी हवी होती. सुरुवातीची किंमत ठेवली होती २,३६८ डॉलर. एवढ्यात नवं काही बनवणं शक्य नव्हतं, म्हणून कपड्यांखाली आली फोर्डचीच साधी, घरगुती फाल्कन. मागे आपल्या ॲम्बॅसेडरसारखे पाटे आणि सरळसोट ॲक्सल. पुढे वर-खाली दोन आर्म, आणि वरच्या आर्मवर उभी स्प्रिंग. (मस्टँगला मसल कार नव्हे, पोनी कार म्हणायचं असं कट्टर लोक सांगतील. म्हणू देत.)

घोळ त्या वरच्या आर्ममध्ये होता. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते आणि बाहेरच्या चाकावर सगळा भार येतो. अशा वेळी चाकाचा माथा आत झुकायला हवा, म्हणजे टायर पूर्ण रुंदीने रस्त्याला टेकून राहतो. मस्टँगमध्ये आर्मची आतली बाजू इतकी उंचावर बसवली होती, की गाडीबरोबर चाकाचा माथाही बाहेर जायचा. टायर कडेवर घासत राहायचा आणि नाक वळणाबाहेर ओढलं जायचं. माझं झालं ते हेच.

आता गंमत बघा. फोर्डमध्ये क्लाउस आर्निंग नावाचा सस्पेन्शन इंजिनियर होता. कॉम्प्युटर म्हणजे कपाटांनी भरलेली खोली असायची त्या काळात हा माणूस कॉम्प्युटरवर सस्पेन्शनची गणितं करत होता. त्याचा उपाय हास्यास्पद वाटावा इतका सोपा होता: वरचा आर्म साधारण एक इंच खाली बसवा. नवा पार्ट नाही, काही नाही. जुन्या भोकांखाली नवी भोकं पाडा आणि तोच आर्म तिथे लावा. रोजच्या मस्टँगला हे मिळालं नाही. मिळालं कॅरोल शेल्बीच्या जीटी ३५०ला. फोर्डला मस्टँग रेसिंगमध्ये हवी होती, आणि शेल्बीने १९५९ची ल मान्स शर्यत जिंकलेली होती. त्याच्या लॉस एंजेलिसच्या वर्कशॉपमध्ये केन माइल्सने (हो, सिनेमातला तोच!) गाडी घासूनपुसून तयार केली. आर्म खाली आला, कोनीचे शॉक ॲब्सॉर्बर आले, पुढे एक इंच जाडीचा अँटी-रोल बार आला, आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर पाटे पिळवटू नयेत म्हणून मागे दोन दांडेही. फेब्रुवारी १९६५मध्ये टेक्सासमधल्या ग्रीन व्हॅलीला माइल्सने पहिलीच शर्यत जिंकली.

आणि १९६६च्या मॉडेलमध्ये, सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या तर, शेल्बीनेही ती भोकं पाडणं बंद केलं. खर्च वाचवायला! आपल्याकडे रिलीजच्या आदल्या दिवशी ठाऊक असलेल्या बगवर 'नंतर बघू' असा शिक्का मारतात ना, तसंच. फोर्डने कारखान्यातच आर्मची जागा खाली आणली ती १९६७च्या मॉडेलला. जगात या दुरुस्तीचं नाव मात्र 'शेल्बी ड्रॉप'. 'आर्निंग ड्रॉप' म्हणणारे थोडे आहेत, मी यापुढे त्यांच्यात.

आज बाजारात काय मिळत नाही? स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेले कॉइलओव्हर, नळीचे आर्म, रॅक-अँड-पिनियन स्टेअरिंग, मागचे पाटेच काढून टाकणारे चार दांड्यांचे किट. खर्च हजारो डॉलरमध्ये. एक लोकप्रिय किट १९७४च्या मस्टँग टूच्या सस्पेन्शनवर बेतलेलं आहे. (ज्या मस्टँगची सगळ्यात जास्त टिंगल झाली तीच! तिचं पुढचं सस्पेन्शन मात्र अमेरिकेतल्या निम्म्या हौशी गराजांत पोचलं असावं.) पण ते बसवायला बॉनेटखालचे स्प्रिंगचे मनोरे कापावे लागतात. एकदा कापले की कापले.

मित्राला मी एवढंच सांगितलं, की आर्निंगच्या उपायात जुनी भोकं जागेवरच राहतात. उद्या वाटलं तर आर्म परत वर लावता येईल. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाबांना चाललं असतं."

गेल्या शनिवारी केलं. स्प्रिंग दाबून काढायचं काम त्याच्या ओळखीच्या मेकॅनिकने केलं, कारण दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जाऊ शकतो, तिथे हौस नको. आम्ही दोघांनी साचा लावून, तीन-तीनदा मोजून भोकं पाडली. सोबत नवे शॉक ॲब्सॉर्बर आणि जाड बार. व्हील अलाइनमेंटही नव्याने केली, कारण जुनी मापं त्या काळच्या टायरसाठी होती, आणि गाडीवर आता रेडियल आहेत.

गाडी अजूनही जुनीच वाटते, पण वळते. मला परत चालवायला मिळणार आहे पुढच्या रविवारी. ब्रेक अजून चारही चाकांना ड्रमचेच आहेत, त्यामुळे पुढच्या गाडीपासून लांब राहायची तंबी आधीच मिळाली आहे.