कुलाबा ते ऑबर्न हिल्स : एका सौरपत्र्याची गोष्ट

नोव्हायहून अर्ध्या-पाऊण तासावरची ट्रॉय आणि ऑबर्न हिल्स ही गावे आपल्याला ठाऊक आहेत ती मोटारींमुळे. पण घराच्या छपरानेच वीज द्यावी, या कल्पनेच्या इतिहासातले एक प्रकरण इथेच घडले, आणि त्याचा एक धागा थेट मुंबईच्या कुलाब्याला पोचतो.

मुळात उन्हाची वीज होते कशी? सिलिकॉनच्या एका थरात किंचित फॉस्फरस आणि दुसऱ्यात किंचित बोरॉन मिसळले, की दोहोंच्या सीमेवर विद्युतक्षेत्र तयार होते. प्रकाशामुळे सिलिकॉनमधले इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि हे क्षेत्र त्यांना एकाच दिशेला ढकलते. हाच वीजप्रवाह. तो एकदिश असतो. इन्व्हर्टर त्याचे घरगुती प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करतो. १९५४ साली न्यू जर्सीतल्या बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअरसन यांनी असा सुमारे ६ टक्के कार्यक्षमतेचा घट करून दाखवला. मात्र सिलिकॉनचे शुद्ध स्फटिक वाढवायचे आणि त्यांच्या चकत्या कापायच्या, हे काम फार खर्चाचे होते.

स्टॅनफर्ड ओव्हशिन्स्की यांनी वेगळी वाट धरली. कॉलेजची पदवी नसलेल्या या माणसाने १९६० साली पत्नी आयरिस यांच्यासह डेट्रॉइटमध्ये कंपनी काढली. पुढे ती ट्रॉयला आली. त्यांचे म्हणणे असे, की स्फटिक हवाच कशाला? अस्फटिक सिलिकॉनचा एक मायक्रॉनहूनही पातळ थर पुरेसा प्रकाश शोषतो. मग वर्तमानपत्र छापावे तसा तो पोलादी पत्र्याच्या गुंडाळीवर चढवावा!

अडचण एकच होती. असे घट उन्हातच मंदावत. १९७७ मध्ये स्टेबलर आणि व्रॉन्स्की यांनी हा दोष नोंदवला. त्यावरचा एक महत्त्वाचा उपाय कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सापडला. थर चढवताना सिलेन वायूत हायड्रोजन मिसळला तर ही झीज कमी होते, असे सुभेंदू गुहा आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवले. १९८२ साली गुहा ओव्हशिन्स्कींच्या कंपनीत आले. नव्वदच्या दशकात त्यांच्या पुढाकाराने छपराच्या शिंगलसारखे दिसणारे सौरपत्रे तयार झाले. २००२ मध्ये ऑबर्न हिल्सला मोठा कारखाना उभा राहिला. तिथे अडीच-अडीच किलोमीटर लांबीच्या सहा गुंडाळ्या एकाच वेळी यंत्रातून जात.

मग हे सारे गेले कुठे? २००८ मध्ये शुद्ध सिलिकॉनचा भाव किलोला ४०० डॉलरच्या पुढे होता. २०११ अखेर तो तिसाच्या आसपास आला. स्फटिक महाग आहे, या एका गृहीतावर सगळा डोलारा उभा होता. पातळ पत्र्याची कार्यक्षमता स्फटिकाच्या जेमतेम निम्मी. म्हणजे तेवढ्याच विजेसाठी दुप्पट छप्पर आणि जवळपास दुप्पट जोडणी व मजुरी. फेब्रुवारी २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. त्याच ऑक्टोबरात ओव्हशिन्स्की वारले.

आज आपल्या गल्लीतल्या छपरांवर दिसतात ती वीस टक्क्यांहून अधिक कार्यक्षमतेची स्फटिक सिलिकॉनची पॅनेल्स. तरीही गुहांची हायड्रोजनची युक्ती वाया गेली नाही. आजच्या काही उत्तम स्फटिक घटांवर अस्फटिक सिलिकॉनचा अगदी पातळ थर देतात, आणि त्यातही हायड्रोजन असतोच. आपण इंजिनियर मंडळी यंत्राचा हिशेब चोख करतो. बाजारभावाचे गृहीतही तितक्याच कसोशीने तपासावे, हा धडा मात्र आपल्या शेजारच्याच गावाने दिला आहे.