लुगड्याला माप नव्हते

'एक्स्ट्रा लार्ज' आणि 'प्लस साइझ' हे शब्द आता मराठीत रुळले आहेत. त्यांच्याबरोबर एक गृहीतकही आले आहे: देहाला माप असते, कपड्यालाही असते, आणि दोन्ही जुळली नाहीत तर उणेपणा देहाचा. हे गृहीतक किती जुने, हा प्रस्तुत टिपणाचा विषय. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की आपल्याकडे ते फार जुने नाही. मात्र ते येण्याआधी स्त्रीदेहाला वस्त्राचा जाचच नव्हता, असेही नाही. जाच होता, तो निराळ्या वाटेने येत होता.

सुरुवात मुकुटबनपासून करू. यवतमाळ जिल्ह्याच्या झरी-जामणी तालुक्यातले, तेलंगणाच्या सीमेकडचे हे गाव. कापसाच्या काळ्या मातीचा आणि कोलाम-गोंड वस्त्यांचा हा मुलूख. १९०५पर्यंत हा जिल्हा वणीच्या नावाने ओळखला जाई आणि तो इंग्रजी अमलाखालच्या वऱ्हाडाचा भाग होता. वेशभूषेच्या इतिहासात मुकुटबनचे नाव कोणी घेणार नाही. पण त्या इतिहासाचा एक धागा वऱ्हाडच्या कापसातूनच जातो.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस मिळेनासा झाल्यावर इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. त्याच युद्धात सैन्याला गणवेश लागले, तेही मोठ्या संख्येने आणि तातडीने. सैनिकांची मापे घेताना काही मापे पुन्हा पुन्हा येतात असे ध्यानात आले, आणि पुरुषांच्या तयार कपड्यांचे ठरावीक आकार त्यातून रूढ होत गेले. एका युद्धाने वऱ्हाडचा कापूस जगाच्या बाजारात ओढला आणि त्याच युद्धाने बाजाराला 'साइझ' ही कल्पना दिली.

कापूस वेचणाऱ्या बाईच्या अंगावर मात्र लुगडे होते, आणि लुगड्याला साइझ नव्हती. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. अंगाने बारीक असलेली स्त्री निऱ्या अधिक घेई, भरलेली कमी घेई. गरोदरपणात तेच लुगडे सैल नेसता येई, बाळंतपणानंतर आवळून. सासूचे लुगडे सुनेला आणि आईचे लेकीला चाले, दोघींच्या अंगलटीत कितीही फरक असला तरी. मराठी भाषेने हा भेद क्रियापदातच नोंदवून ठेवला आहे. लुगडे नेसतात; झंपर घालतात. घालण्याचा कपडा आधीच कोणीतरी तयार केलेला असतो, तर नेसण्याचे वस्त्र नेसणारी रोज सकाळी आपल्या देहावर नव्याने घडवते. पहिल्यात निर्णय शिंप्याचा असतो, दुसऱ्यात तिचा.

चोळी शिवलेली होती हे खरे. पण जुनी चोळी पुढे गाठ मारून बांधायची होती. गाठ सैल होते, घट्ट होते. हुकाला ही सवलत नाही. हूक लागतो किंवा लागत नाही. स्त्रीच्या वस्त्रातला 'बसणे' आणि 'न बसणे' हा कठोर भेद, आमच्या मते, गाठीकडून हुकाकडे झालेल्या या लहानशा प्रवासात दडलेला आहे.

या मापविरहित वस्त्राला शोभणारी एक सौंदर्यदृष्टीही होती. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि त्याच्या चित्रांतल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी भिंतींवर आल्या. त्या भरल्या अंगाच्या आहेत. पुढे बालगंधर्वांनी (१८८८–१९६७) रंगभूमीवर जी स्त्री उभी केली तिचे शालू, दागिने, गजरे यांचे अनुकरण घरंदाज स्त्रियांनी केले. उत्तरायुष्यात बालगंधर्वांचा देह स्थूल झाला, तरी त्यांनी स्त्रीभूमिका सोडल्या नाहीत. एका पुरुषाच्या, तेही सडपातळ न राहिलेल्या देहावर महाराष्ट्राने आपली सौंदर्यकल्पना पाहिली. हे नेसत्या वस्त्रामुळेच शक्य झाले, असे आम्हांस वाटते. जिथे उपासमार ठाऊक होती तिथे 'खात्यापित्या घरची' ही प्रशंसा होती. 'लठ्ठ' हा शब्द पगाराला आणि हुंड्याला आजही गौरवानेच लागतो. तो टोचू लागतो माणसाला लावल्यावर.

येथवर वाचून कोणी लुगड्याच्या काळाला सुवर्णयुग समजेल, तर ती दिशाभूल ठरेल. लुगड्याने देह मोजला नाही, पण बाकी सगळे मोजले. जीर्ण लुगड्याचा विरलेला भाग कापून उरलेले तुकडे जोडत, म्हणजे दंड घालत. तो दंड दारिद्र्याची ग्वाही देई. केशवपन केलेल्या ब्राह्मण विधवेच्या अंगावरचे आलवण तिचे उरलेले आयुष्य जाहीर करी. काठ किती रुंद, पदर कुठे, लुगडे घोट्यापर्यंत की गुडघ्यापर्यंत, या प्रत्येक गोष्टीवर जातीचा पहारा होता.

म्हणूनच डिसेंबर १९२७मधील महाडचा प्रसंग आम्हांला या विषयाच्या केंद्रस्थानी ठेवावासा वाटतो. मनुस्मृतीच्या दहनाने ती परिषद ओळखली जाते. त्याच वेळी डॉ. आंबेडकरांनी जमलेल्या अस्पृश्य स्त्रियांना सांगितले, की जातीची खूण बनलेली आखूड नेसण सोडा, लुगडे घोट्यापर्यंत नेसा, अंगावरचे ओझ्यासारखे दागिने टाका. अनेक स्त्रियांनी ते तत्काळ अमलात आणले. त्यासाठी ना नवे कापड लागले, ना शिंपी, ना देहात बदल. तेच लुगडे, निराळे नेसले. आणि नेसणारीचे जगापुढचे उभे राहणे बदलले. 'बॉडी कॉन्फिडन्स' हा शब्द पुढे कितीतरी वर्षांनी आला. आपल्या देहावर काय आणि कसे असावे हे आपण ठरवू, एवढाच जर त्याचा अर्थ असेल, तर त्याचे एक ठळक मराठी उदाहरण कुठल्या फॅशनच्या मंचावर नव्हे, महाडला सापडते.

स्त्रियांसाठी माप आले ते यानंतर. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३९-४०मध्ये सुमारे १५ हजार स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेतली आणि १९४१ साली निष्कर्ष छापले. अंतिम हिशेबात केवळ गोऱ्या स्त्रिया धरल्या होत्या. त्यांवर आधारलेले प्रमाण १९५८मध्ये जाहीर झाले आणि देहांशी जुळत नाही म्हणून १९८३मध्ये मागे घेण्यात आले. आकडे मात्र मागे राहिले. भारतात तयार कपडे पसरले तेव्हा त्यांची मापे मुख्यतः परदेशी तक्त्यांवरून बेतलेली होती. स्वतःचा तक्ता असावा म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने 'इंडियासाइझ' हे सर्वेक्षण हाती घेतले, त्याची घोषणा २०१८ची. म्हणजे त्याआधीची कित्येक वर्षे भारतीय मुली दुकानाच्या आरशासमोर ज्या मापाला आपण उतरत नाही म्हणून खंतावल्या, ते माप त्यांचे नव्हतेच.

ऑगस्ट २०१६मध्ये मुंबईच्या लॅक्मे फॅशन वीकमध्ये प्रथमच केवळ स्थूल देहाच्या मॉडेल्सचा कार्यक्रम झाला. कपडे शिल्पा चव्हाण यांचे होते. पुढच्या वर्षी तशाच कार्यक्रमासाठी गोव्याच्या वेंडेल रॉड्रिक्स यांनी कपडे केले. हेच रॉड्रिक्स गोव्याच्या कुणबी साडीच्या पुनरुज्जीवनासाठी ओळखले जातात. दोन्ही कामे एकाच हाताने करावीत हा योगायोग असेल, पण अर्थपूर्ण आहे. असे मंच स्वागतार्ह आहेत. तरी 'प्लस' म्हटले की कशापेक्षा अधिक हा प्रश्न उरतोच. आणि ते 'कशा'चे ठिकाण अजून जुन्या तक्त्यातच आहे.

मागे वळून सर्वांनी लुगडे नेसावे, असे आम्ही सुचवत नाही. शिवलेल्या कपड्याने मोकळ्या हालचालीची सोय दिली आणि जातीच्या कित्येक खुणा पुसल्या. पण शिवण्याच्या कलेतही नेसण्याचा गुण सांभाळणारी एक जुनी रीत आहे. शिंपी शिवणीच्या आत थोडे कापड राखून ठेवतो. अंग भरले की टीप उसवून कपडा सैल करता यावा म्हणून. त्या राखलेल्या कापडाला मराठीत 'माया' म्हणतात. तयार कपड्यांच्या कारखान्यात कापडाचा इंच न् इंच वाचवायचा असतो, तिथे माया फारशी उरत नाही. देह बदलणार, हे आधीच मान्य करून ज्या भाषेने कापडात जागा ठेवली, त्या भाषेत देहाची लाज बाळगायला शिकावे लागले. शिकलेले विसरताही येते.